जांभळ्या साडीतल्या बाया

दामिनीला आता नागपूरचे लोक मिश्रमाध्यमातली कलावंत म्हणतात. म्हणजे फोटो, छपाई आणि वापरलेलं कापड एकत्र करून ती चित्रं करते. मागे एका विदुषीने तिला विचारलं, की तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे. दामिनीने खरं तेच सांगितलं, दुधरामभाऊंचा. बाईंनी ते भक्तिभावाने वहीत उतरवून घेतलं. ते कोणत्या देशाचे, तेवढं विचारायचं राहिलं.

दुधरामभाऊ गोंदियाचेच. बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ आणि मागच्या खोलीत राइस मिलच्या पोत्यांवर छापे मारायचं काम. जवळच्या कामठा गावाहून रोज बसने येऊन दामिनी आधी पोती छापायला लागली. जाळीवर मसाला लावायचा, उन्हात धरून चित्र उतरवायचं, मग रबरी पट्टीने शाई ओढायची. दिवसभर गुलाबाचं फूल छापून तिला गुलाबाचा वीट आला. पुढे कॉम्प्युटरही तिच्याच गळ्यात पडला, कारण माउस हातात धरला की दुधरामभाऊंना झोप यायची.

कॉम्प्युटरवरचं मुख्य काम मेलेल्यांचं. तेरवीच्या आधी खेड्यापाड्यांतून लोक आधारकार्ड घेऊन यायचे. आजीचा एक फोटो काढायला जन्मभर कोणाला सवड झालेली नसायची, आता मात्र तो दोन फुटी हवा आणि संध्याकाळपर्यंत हवा. यावर दुधरामभाऊंकडे रामबाण उपाय होता. त्यांच्याकडे दोन धडं तयार असत. पुरुषांसाठी कोट-टायचं, बायांसाठी जांभळ्या रेशमी साडीचं. साडीतलं धड बालाघाटकडच्या एका लग्नातल्या वरमाईचं. ती बाई तिकडे ठणठणीत होती आणि इकडे दीडेकशे भिंतींवर हार घालून बसली होती. आयुष्य पंचावर काढलेले आजे मेल्यावर टाय लावून नातवांकडे बघत. कोणाची तक्रार नव्हती. जिवंतपणी नाही तर नाही, मेल्यावर तरी माणसाला इस्त्री झाली पाहिजे, असं दुधरामभाऊंचं तत्त्वज्ञान होतं.

दामिनी मुकाट्याने डोकी चिकटवत राहिली. दुसऱ्याच्या मेलेल्यांबद्दल माणसाला फारशी मतं नसतात.

मग ऐन रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तिची आई रुख्माबाई तापाने गेली. थोरल्या भावाने, कैलाशने, रडायच्या आधी दुधरामभाऊंना फोन लावला आणि आईचं आधारकार्ड पाठवून दिलं. चार दिवसांनी दामिनी कामावर आली, तेव्हा ते फिरून तिच्याच पडद्यावर आलं. तिने सवयीने आईचं डोकं कापलं, जांभळ्या खांद्यांवर बसवलं आणि तिथे तिचा हात थांबला. खाली गोरे, गुबगुबीत हात होते, बोटात अंगठी. आईच्या बोटांना चिखलाने पडलेल्या भेगा तिने लहानपणापासून पाहिल्या होत्या. त्या परक्या हातांचा तिला संताप आला, आणि आपण आजवर लोकांच्या किती आया बिघडवल्या याची लाज वाटली.

ती उठली. राहिलेलं काम दुधरामभाऊंनी स्वतः, न झोपता, पुरं केलं. आपल्या कारागिराची आई म्हणून त्यांनी गळ्यात सोन्याची माळही घातली.

दामिनीने घरी जाऊन आईचं रोवण्याचं लुगडं मागून घेतलं. ते टाकून द्यायला काढलंच होतं. काठाला बांधीतला, भाताच्या खाचरातला, चिखल वाळला होता, तो तिने तसाच ठेवला. कार्डावरचा चेहरा मोठा करून जाळीवर उतरवला आणि लुगड्यावर काळी शाई ओढली. जवळून नुसते ठिपके दिसायचे, चार पावलं मागे सरकलं की आई दिसायची. तिच्या मोबाइलमध्ये आईचा एकच फोटो होता, बांधीत वाकलेली असतानाचा, नुसती पाठ. तीही तिने खाली छापली. ती आईच आहे हे कोणी ओळखेल का, एवढीच धाकधूक तिला होती.

तेरवीला तिने ते लुगडं अंगणात दोरीवर टांगलं. कैलाश भडकला.

"काऊन वं, मायची लाज काढून राहिली का? मेल्यावर तरी तिले चांगलं दिसू दे."

त्याने जांभळ्या साडीची फ्रेम खुर्चीवर मांडली, हार घातला, उदबत्ती लावली. पाहुण्यांनी फ्रेमचं कौतुक केलं. लुगडं पाहून, शहरात कामाला गेलं की पोरी अशाच बिघडतात, असा निकालही दिला. जेवणं झाली की उतरवते, असं दामिनीने कबूल केलं.

दुपारी रोवणाऱ्या बाया जेवायला आल्या. पुढे सुलोचनाबाई. तीस वर्षं ती रुख्माबाईच्या शेजारी एका ओळीत वाकलेली. तिने रीतीप्रमाणे फ्रेमपुढे हात जोडले, नीट निरखून पाहिलं आणि कैलाशला हळूच विचारलं, "हे बाई कोनाकडची आहे, बाबू?"

कैलाश फ्रेमवरचा हार सरळ करू लागला. सुलोचनाबाई वळली तर समोर लुगडं. ती तिथेच थबकली. जवळ जाऊन तिने छापलेल्या पाठीवरून तळहात फिरवला, अगदी सावकाश, दुखतं आहे का ते बघावं तसा. मग पत्रावळ घेतली आणि त्या लुगड्याखालीच मांडी घातली. बाकीच्या बायाही तिच्या शेजारी ओळीने बसल्या. पाहुण्यांची पंगत मांडवात, यांची इथे.

कैलाश भाताचं घमेलं घेऊन वाढायला आला. सुलोचनाबाईने पहिला घास बाजूला काढून ठेवला आणि वर पाहून सहज विचारलं, "जेवली का वं, रुख्मा?"

कैलाशने घमेलं खाली ठेवलं आणि बायांच्या त्या ओळीत बसून तो ढसाढसा रडला.