अकरा कुंड्यांवरचा रंग

नऊ मे. दुपारी चारपासून आमच्या इमारतीच्या जिन्याखाली बसून मी तारेच्या ब्रशने मातीच्या कुंड्यांवरचा लाल ऑइल पेंट खरवडत होते. कुंड्या अकरा, सगळ्या हलीमाभाभीच्या. मार्चमध्ये ती गेली. तिच्या चाळिसाव्याला सोसायटीने त्या फाटकाशी ओळीने मांडल्या, चकचकीत लाल रंग फासला, वर पांढरे पट्टे ओढले आणि मागे पाटी ठोकली, 'हलीमाभाभी स्मृतिवाटिका'. पंधरा दिवसांत पुदिना कुजला, मिरच्या पिवळ्या पडल्या. पडणारच. मातीची कुंडी बाहेरून घामेजते म्हणून आतलं मूळ जगतं. तिला ऑइल पेंटने लिंपलं की पाणी आत कोंडतं. भाभी दहा वर्षं हेच ज्याला-त्याला सांगत होती. तिच्या आठवणीसाठी ह्यांना नेमकं तेच करायचं सुचलं.

ती गेली त्या सकाळी पहिल्या मजल्यावरच्या बाई हाका मारत वर आल्या, "भाभी जिन्यात बसल्यात, उठत नाहीत." मी धावले. बादली शेजारी सरळ उभी होती, निम्मी भरलेली. भाभी भिंतीला टेकलेली... डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं, बिछान्यातही हे झालं असतं. असेलही. पण ती बिछान्यात गेली नाही. फाटकाजवळच्या कुंड्यांना पाणी घालायला दुसऱ्या मजल्यावरून बादली घेऊन उतरताना गेली.

आम्ही शेजारी झालो तेव्हा तिचा नवरा मस्कतला होता, आजही तिथेच आहे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पण वर्षभरात आमचं अगंतुगं झालं. ती मला वैनी म्हणायची, मी तिला भाभी. दोघी एकमेकींच्या भाभी आणि वैनी कशा, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. तिच्या घराला अंगण नव्हतं, म्हणून तिने गच्चीवर अंगण केलं. कुंड्या राजापूरच्या बाजारातून आणायची, एसटीने, मांडीवर घेऊन. एकदा मी सोबत होते. कंडक्टर म्हणाला, "भाभी, ह्याचं अर्धं तिकीट फाडू काय?"

"फाड की," ती म्हणाली. "पण मग त्याला शीट दे. मी काय रत्नागिरीपर्यंत मांडीवर घेव?"

कंडक्टरने हसत हसत आपल्या सीटवरची पेटी खाली ठेवली. कुंडी थेट रत्नागिरीपर्यंत खिडकीशी बसून आली.

घरी आणलेली नवी कुंडी ती लगेच वापरायची नाही. दिवसभर टबात बुडवून ठेवायची. बुडबुडे थांबले की बाहेर काढायची. "कोरडी कुंडी झाडाच्या वाट्याचं पाणी पिते. आधी तिचं पोट भर." भोकावर फुटक्या कुंडीचं खापर, त्यावर माती. पावसाळ्यात प्रत्येक कुंडीखाली जांभ्या दगडाचे तीन तुकडे. मी एकदा प्लॅस्टिकच्या कुंड्या आणल्या, हलक्या म्हणून. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "झाडाला रेनकोट घातलास काय गो?"

आता मूळ गोष्ट. तीच लिहायला बसलेय.

गेल्या डिसेंबरात माझ्या स्वयंपाकघराचं छत ओलं झालं. मी सर्वांत वरच्या मजल्यावर, माझ्या डोक्यावरच गच्ची. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते, मग पाणी कुठून येणार? कुंड्यांचंच, असं सेक्रेटरी म्हणाले. मला पटलं. गच्चीवर जाऊन बघायला दोन मिनिटं लागली असती, मी गेले नाही. तक्रारीच्या कागदावर पहिली सही माझी.

नोटीस मिळाली तशी भाभी कागद घेऊन माझ्याकडे आली.

"वैनी, पैली सही तुझी हाय."

"छत गळतंय माझं, भाभी."

"मग मला सांगायचं होतंस गो. मी कुंड्या सरकवल्या असत्या... कागद कशाला?"

मी चहाचं आधण ठेवायला वळले. तिने चहासुद्धा घेतला नाही. आठवड्यात कुंड्या फाटकाशी उतरल्या. गच्चीवर नळ होता, फाटकाशी नव्हता, म्हणून बादल्या सुरू झाल्या. छत मात्र गळतच राहिलं. जानेवारीत प्लंबर आला आणि टाकीचा तडकलेला पाइप त्याने बोटाने दाखवला. पाइप बदलला, छत सुकलं. कुंड्या परत वर न्या, असं तिला कोणी सांगितलं नाही. सेक्रेटरींनी नाही, बाकीच्यांनी नाही. मीही नाही. जिन्यात ती बादली घेऊन भेटायची आणि मी, उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत अख्खा फेब्रुवारी घालवला. तिच्या हातातली बादलीसुद्धा घेतली नाही. घेतली असती तर बोलावं लागलं असतं.

आणि चाळिसाव्याला हीच माणसं माइकवर 'निसर्गप्रेमी' म्हणाली. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. राग त्यांचा आला, तो खराच आहे. पण रंग खरवडताना हात ज्या जोराने चालत होता, तो काही सगळा त्यांच्यासाठी नव्हता.

दहा तारखेला सकाळी सहा वाजता मी सेक्रेटरींची बेल वाजवली आणि गच्चीची किल्ली मागितली.

"वहिनी, तो विषय मीटिंगमध्ये घेऊ."

"खाली उतरवताना कुठली मीटिंग घेतली होती?"

"तक्रार तुमचीच होती, वहिनी."

"होती. किल्ली द्या."

अकरा कुंड्या, अकरा खेपा. चौथीला दम लागला, दुसऱ्या मजल्यावर टेकले, परत उठले. वर जांभ्याचे तुकडे अजून जागेवर होते, त्यांवर कुंड्या ठेवल्या, कुजलेला पुदिना उपटला, नळ सोडला. मग खाली येऊन ती पाटी काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने लिहिलं: 'डिसेंबरातली गळती टाकीच्या पाइपाची होती. कुंड्यांची नव्हती. तक्रारीवर पहिली सही माझी होती.' खाली माझं नाव लिहिलं, फ्लॅटचा नंबर लिहिला, आणि पाटी होती तिथेच परत ठोकली.