सुंडल खाणारे ग्रामोफोन

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान विजयराघवराव यांच्याकडे दहा-बारा जुने ग्रामोफोन आहेत आणि त्यांतला एकही वाजत नाही. पहिल्यांदा घरी येणाऱ्याला हे कळायला बराच वेळ लागतो, कारण तोवर भावोजी स्वतःच वाजत असतात. हा सागवानी पेटीचा, हा पितळी कर्ण्याचा, हा मेणाच्या नळकांड्यावर चालणारा खराखुरा फोनोग्राफ, याच्या सुईला हात लावायचा नाही, आणि त्या पलीकडच्याला तर नुसतं बघायचंसुद्धा जरा लांबून. पाहुणा शेवटी भीत भीत विचारतो, एखादं गाणं लावता का? भावोजी त्याच्याकडे असं बघतात, जणू त्याने देवळातल्या मूर्तीला दोन पावलं चालून दाखव म्हटलंय.

वाजवलं की झिजतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान. आयुष्यभर कुंभकोणमच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, ध्वनी हा तर त्यांचा हातखंडा विषय. पण निवृत्त झाल्यावर ध्वनी काढणारी जेवढी यंत्रं सापडली तेवढी घरात आणून त्यांची तोंडं बंद करून ठेवली. रोज सकाळी अंघोळ करून, जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, तुकड्याने एकेकाला पुसतात. माझी बहीण शिवकामी, म्हणजे अक्का, तिला ताप आला होता तेव्हा त्यांनी इतक्या मायेने तिचं कपाळ पुसल्याचं मला आठवत नाही.

एक सांगून ठेवतो. मी दातांचं शिक्षण पुण्याला घेतलं म्हणून ही अशी मराठी लिहू शकतो. तंजावरकडची, 'सगळे'ला 'अस्के' म्हणणारी आमच्या घरातली बोली ऐकून तिथली मुलं मला विचारायची, की तू कुठल्या बखरीतून उठून आलास.

तर नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडतात. लाकडी पायऱ्यांची मांडणी, त्यावर पांढरं कापड आणि त्यावर बाहुल्या. गल्लीतल्या बायका बघायला येतात. आलेल्या प्रत्येकीने एक गाणं म्हणायचं, मगच तिच्या हातावर सुंडल पडतं, म्हणजे ओलं खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, आणि वर हळदकुंकू. आवाज आहे की नाही हा प्रश्न कोणी काढत नाही. तिरुनागेश्वरम्‌हून येणाऱ्या गायत्रीमामी दरवर्षी एकच पद म्हणतात आणि ते इतकं लांबवतात, की सुंडल गार होतं. पण म्हणतात. तो नियमच आहे.

या पायऱ्या अक्काच्या. आमच्या आईने लग्नात दिलेल्या. नवरात्र संपलं की त्या उकलून माळ्यावर ठेवायच्या. एके वर्षी भावोजी म्हणाले, वर्षभर रिकाम्याच तर पडतात, माझी दोन यंत्रं मांडतो. पुढच्या नवरात्रात वरची पायरी काही रिकामी झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी गेली. असं करत करत यंत्रं खाली उतरत आली आणि बाहुल्या जमिनीकडे सरकल्या. बाहुल्यांचं लग्नाचं वऱ्हाड नवरानवरीसकट कपाटात गेलं. गेल्या वर्षी तर दशावतार इतके दाटीवाटीने बसवावे लागले, की वामनाला तिसरं पाऊल कुठे ठेवू हे बळीला न विचारता भावोजींना विचारावं लागलं असतं.

यंदा नवरात्राला महिना असताना अक्काने बाहुल्यांची पेटी उघडली, पायऱ्यांकडे पाहिलं आणि पेटीचं झाकण धाडकन लावलं. मी तिथेच भावोजींबरोबर कॉफी पीत होतो.

"ऐका हो," ती म्हणाली. "तुमचे हे अस्के माझ्या कोलूंत नऊ दिवस बसतात, लोकांचीं गाणीं ऐकतात, नि आपण एक गाणें म्हणत नाहींत. सरस्वतीपूजेच्या संध्याकाळीं ह्यांतल्या एकानें तरी गावें. नाहीं गाइलें, तर विजयादशमीला अस्के खालीं उतरतील नि भंगाराच्या गाडीवर चढतील."

"शिवकामी, हें बघायचें असतें," भावोजी म्हणाले.

"बघायला माझ्या बाहुल्या आहेत. त्यांस तोंड उघडतां येत नाहीं. तुमच्यांनीं एवढें तोंड वासलें आहे, तें कशास? सुंडल खायास?"

अक्का बोलते ते करते, हे भावोजींना पक्कं ठाऊक. दुसऱ्याच दिवशी ते माझ्या दवाखान्यात आले आणि दाढ दुखणाऱ्या माणसाच्या आधी आत घुसले. चेहरा दाढ दुखणाऱ्याहून वाईट.

"मौळी, एक तरी वाजलें पाहिजे रे," एवढंच म्हणाले. तेव्हा मात्र मला त्यांची दया आली. त्या भोंग्यांपलीकडे या माणसाने स्वतःसाठी आयुष्यात काही मागितलेलं नाही.

मग आम्ही सगळी यंत्रं तपासली. दात कोरायची माझी अर्धी हत्यारं त्यांच्या पोटातलं वंगण खरवडण्यात खर्ची पडली. सागवानी पेटीवाल्याची स्प्रिंग तेवढी जिवंत निघाली. पण त्याचा कर्णा गंजून चाळणी झालेला. मी म्हटलं, बादल्या करणाऱ्याकडे चला, पत्र्याचा वळून देईल. भावोजी दुखावले.

"पत्र्याचा? कोलूंत बसणाऱ्यास?"

आणि बस धरून ते गेले स्वामीमलैला, मूर्ती ओतणाऱ्या नटराज स्थपतींकडे. कर्णा पंचलोहाचा, म्हणजे देवाच्या मूर्तीच्या पंचधातूचा हवा म्हणाले. घंटेला जो धातू चालतो तो कर्ण्याला का नाही, हे त्यांनी स्थपतींना शास्त्रशुद्ध समजावलं. स्थपतींनी जन्मात ग्रामोफोन ओतला नव्हता, पण सांगितलेलं काम नाकारलंही नव्हतं. त्यांनी मेणाचा कर्णा घडवला, वर माती लिंपली, मेण वितळवून रस ओतला. साधी वस्तू आपल्या पट्टडीतून, म्हणजे कारखान्यातून, बाहेर पडणं त्यांना पसंत नसावं. कर्ण्याच्या काठाला कमळाच्या पाकळ्या आणि बुडाशी जबडा पसरलेली याळी, म्हणजे देवळाच्या खांबांवरचा तो सिंहासारखा प्राणी, फुकटात आली.

कर्णा रिक्षातून आला. तो उतरवायला दोन माणसं लागली. भावोजींनी तो यंत्राला बसवला, हात सोडला, आणि यंत्राने मागचे पाय उचलून अक्काच्या पायाशी साष्टांग नमस्कार घातला. ध्वनीचा सगळा विचार झाला होता; वजनाचा प्राध्यापकमहाशयांना विसर पडला होता.

"आतां?" भावोजींनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. बहिणीच्या घरी माझा मान एवढाच. सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी मी कोलूशेजारी स्टुलावर बसलो, पंचलोहाचा कर्णा दोन्ही हातांनी कवटाळून, मांडीवर बारशाचं मूल घेतल्यासारखा. शेजारची धनलक्ष्मी आली, तिने देवीला कुंकू लावलं, काही नवा देव असेल म्हणून कर्ण्याला लावलं, आणि त्याच बोटाने मलाही लावलं.

बायका जमल्या. गाणी झाली. गायत्रीमामींचं पद सुरू झालं आणि यथावकाश संपलं. अक्का सुंडलाचं पातेलं घेऊन दाराशी उभी होती.

"आतां त्यांची पाळी," ती म्हणाली.

भावोजींनी त्यातल्या त्यात न तडकलेली एक तबकडी आणली. कुणा जुन्या गाणारीचं, आमच्या गावात पेटीवर बोटं फिरवायला लागलेल्या प्रत्येक मुलीला शिकवतात तसलं पद होतं. चावी फिरवताना स्प्रिंग तुटेल या धास्तीने त्यांनी मोजून मापून, गोंजारून, अगदी थोडीच फिरवली. सुई टेकवली. माझ्या छातीशी धरलेला तो कर्णा थरथरला आणि त्यातून एक उंच, किनरा, भरजरी आवाज बाहेर आला.

भावोजींनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत स्वतःचं यंत्र ते पहिल्यांदा ऐकत होते. मला अगदी मनापासून वाटलं, की वाजू दे, देवा, शेवटपर्यंत वाजू दे.

नाही वाजलं. पल्लवी, म्हणजे धृपद, झाली, पुढचं कडवं लागलं आणि आवाज जड होऊ लागला. बाईचा पुरुष झाला, पुरुषाची म्हैस झाली, म्हैस एकदा हंबरली आणि तबकडी थांबली. प्रेमाने चावी कमी दिली, त्याचा हा परिणाम. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. भावोजींचा चेहरा उतरला. ते घाईघाईने चावीकडे वाकले.

आणि ओळ पुढे सुरू झाली. जिथे थांबली होती तिथून, त्याच शब्दावरून. आवाज दाराकडून येत होता.

अक्का गात होती. पातेलं कमरेवर तसंच, डाव त्यात तसाच. आवाज थोडा बसलेला, वर जाताना किंचित फाटणारा, पण सुरात. लग्नाआधी ती रोज पहाटे गायची आणि मी उशीखाली डोकं घालायचो, ते मला आठवलं. भावोजींचा हात चावीवर गेला.

"राहूं द्या," मी म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला.

तिने पद पुरं केलं. कोणी हसलं नाही. गायत्रीमामी म्हणाल्या, "शिवकामी, तूं गातेस? कधीं बोलली नाहींस!"

"कोणीं विचारलें?" अक्का म्हणाली. रागाने नाही, सुंडल वाढता वाढता. "कोलू माझा. येईल तिला गा म्हणायचें, वाढायचें, पाठवायचें. वाढणारीस कोण गा म्हणतो? ह्या डब्ब्यास म्हणालें, मज कोणी म्हणालें नाहीं."

माझे हात कर्ण्यात अडकले होते, नाहीतर डोळे पुसले असते. भावोजी उठले. लग्नापासून आजवर त्या माणसाने स्वतःचं ताटसुद्धा उचललेलं नाही. त्यांनी तिच्या हातातून पातेलं घेतलं, पानाच्या द्रोणात सुंडल वाढलं, निम्मं जमिनीवर सांडलं, आणि द्रोण तिच्यापुढे धरला.

"गाइलीस ना," ते म्हणाले. "घे."

अक्काने घेतलं आणि सगळ्यांसमोर उभ्याने खाल्लं.

विजयादशमीला सकाळी मी गेलो, तेव्हा भावोजी एकटेच यंत्रं उतरवत होते. कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाचं वऱ्हाड कपाटातून बाहेर काढून त्यांनी पायऱ्यांवर चढवलं होतं, नवरदेव उलट्या तोंडाने बसवला होता. शेवटी त्यांनी पंचलोहाच्या कर्ण्याच्या यंत्राला हात घातला आणि मला म्हणाले, धर.

"तें असूं द्या," अक्का आतून म्हणाली. "तें अर्धेंच गातें. तें थांबलें तरच मज गायास मिळतें."

भावोजींनी यंत्र परत मधल्या पायरीवर ठेवलं, कर्णा काढून त्याच्या शेजारी. मग खिशातून त्याची चावी काढली, आत जाऊन अक्काच्या हातात दिली आणि म्हणाले, "किती फिरवायची, तें तूं ठरव."