राक्षसाची टोपी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण ती सांगितली की माझं एकमेव गाजलेलं चित्र उघडं पडतं.

मी कोल्हापुरात सिनेमाची पोस्टरं रंगवायचो. युद्ध सुरू झालं आणि चौकात लावायला शत्रूचं चित्र हवं म्हणून एक पुढारी आले. शत्रू मी पाहिला नव्हता, त्यांनीही नव्हता. माझ्याकडं एका पौराणिक सिनेमाचा राक्षस पडून होता. त्याचा मुकुट खोडून मी लष्करी टोपी घातली. सुळे तसेच ठेवले. पुढाऱ्यांना तेच फार आवडले. त्यांच्या सांगण्यावरून खाली लिहिलं, 'यांची बायकापोरंही असलीच!' चित्राला हार पडला, मला नारळ मिळाला.

युद्ध संपल्यावर उचगावचा एक जवान दुकानात आला.

"चौकातलं तुमचं चित्र बघून लढाईवर गेलतो," तो म्हणाला. "तिकडं आमी एक घर पेटवलं. आत म्हातारी हुती. सुळं कुठलं, तिला दातच न्हवतं. पेंटर, तुमी बघितलाय न्हवं तसला माणूस?"

"व्हय की," मी म्हणालो. कलाकाराला अब्रू असते.

पुढं माफी मागायला मी त्याच्या घरी गेलो. त्यानं बायकोला हाक मारली, "च्या टाक गं! हेनी शत्रू डोळ्यांनी बघितलाय!" त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मी चहाचं कौतुक करून परतलो.

गेल्या वर्षी तो वारला. म्हातारीचं तर नावही मला ठाऊक नाही. मला दोघांनाही एवढंच सांगायचं होतं: तसा माणूस मी कधीच पाहिला नव्हता. मला माफ करा.