छिन्नीवरचे रंग

काकू भेटल्या की आधी माझा पदर चिमटीत धरायच्या, उजेडाकडे न्यायच्या आणि म्हणायच्या, "वांगी रंग. पण उन्हात वाळवून वाळवून पार उतरवलास की गं!" बरी आहेस का, हे त्यानंतर. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच, जे आपल्याआधी आपल्या कपड्यांची विचारपूस करतं. आमच्या धारच्या गल्लीत काकू होत्या.

त्यांच्या यजमानांची, म्हणजे काकांची, भट्टी आमच्या भिंतीला लागून. घराणं धारच्या मराठा दरबाराबरोबर इकडे आलेलं; पूर्वी तलवारी, आता पाथरवटांच्या छिन्न्या. छिन्नी लाल करायची आणि टोक पाण्यात बुडवायचं. टोक कडक होतं, पण इतकं की घाव बसताच काचेसारखं उडावं. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि थांबायचं. मागची धग हळूहळू पुढे सरकते आणि त्या चकाकीवर रंग चालत येतात. आधी गवती, मग तपकिरी, जांभळा, निळा. जांभळा निळ्याला टेकला की छिन्नी पाण्यात पूर्ण विझवायची. उशीर झाला आणि राखाडी आलं, तर टोक मऊ पडतं, दगडावर वाकतं.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हे रंगच त्यांना दिसेनात. सगळं पिवळट. छिन्न्या वाकू लागल्या, गिऱ्हाईक कुरकुरू लागलं. मग काकू पापडाचं लाटणं ठेवून भट्टीजवळ स्टुलावर जाऊन बसल्या. रंग नीट दिसावेत म्हणून तिथे भरदुपारीही अंधार केलेला असायचा.

"अगं, आलं का?"

"थांबा. अजून माझी हळदीची साडीच आहे."

"आता?"

"आता चिंच... आता वांगी... हं, मोरपीस! काढा!"

चर्रर्र आवाज व्हायचा, वाफ वर जायची आणि दोघं दिसेनाशी व्हायची. मी दारात उभी असायची, काय कामाला आले होते तेही विसरून. राजगढकडे देवळांच्या कामावर असणारे पाथरवट म्हणायचे, "भिया, काकी की आँख का पानी है, टूटे नी." काकूंच्या नजरेने पाणी दिलेली छिन्नी तुटत नाही, असं. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि पदर सारखा करायच्या.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, मला कुठे गप्प बसवतं! एकदा सांगितलं, "काकू, धातूच्या आत काही इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहतच नाहीत. सगळ्यांचे होऊन हिंडत असतात. म्हणून लोखंड ठोकलं तरी चटकन तुटत नाही. अणू जागचे सरकतात, पण एकमेकांना धरून राहतात."

"म्हणजे एकत्र कुटुंबच की," काकू म्हणाल्या. "फक्त भांड्यांची आदळआपट नाही."

पुढे इंदूरला काकांचं ऑपरेशन झालं. मला आनंद झाला. काकू मात्र आमच्या ओट्यावर येऊन बसून राहिल्या.

"आता त्यांना दिसणार. मी परत आपले पापड लाटायचे."

"अहो, बरंच झालं ना?"

"बरंच झालं गं. पण मला तिथे बसायला आवडतं. जन्मात त्यांनी मला इतकं कधी विचारलं नव्हतं."

पण काका म्हणाले, "दिसतं तसं, पण रंगांचं काही जमत नाही बुवा." काकू स्टुलावर परत गेल्या. चेहरा असा खुलला होता की विचारू नका.

काही दिवसांनी त्या घाईघाईने आमच्याकडे आल्या आणि दार लोटून घेतलं.

"या गृहस्थाने काल घेवड्याच्या भाजीतल्या सगळ्या मिरच्या वेचून काढल्या! हिरव्यातून हिरवं! म्हटलं, बघूच. आज मी मुद्दाम बोललेच नाही."

"मग?"

"मग काय! निळं आलं, निळं गेलं, पार राखाडी झालं. हा माणूस आपला माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. दिसत असून चांगलं पोलाद घालवलं की गं!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"तुम्ही विचारलं नाही?"

"काय विचारायचं? म्हटलं, अहो, मला जरा डुलकी लागली. आणि तूही बोलायचं नाहीस हं, सांगून ठेवते."

त्यानंतर कितीतरी दुपारी भिंतीपलीकडून तेच ऐकू यायचं. आलं का? थांबा. आता? मी वह्या तपासत असायची आणि पेन हातातच राहायचं.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. भट्टी बरेच दिवस बंद होती. पुन्हा पेटल्याचं कळलं तशी मी चहा घेऊन गेले. काका एकटेच होते. टोक घासून झालं होतं. गवती आला, तपकिरी झाला. माझ्याच ओठांवर "काढा" आलं होतं. जांभळा निळ्याला टेकला आणि काकांनी छिन्नी पाण्यात घातली. अचूक.

"मला दिसतं गं पोरी," वाफेतून त्यांचा आवाज आला. "ऑपरेशन झाल्यापासून दिसतं. पण तिला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही."

किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा खुललेला दिसत होता.

"हो का?" मी म्हटलं. "कमाल केलीत काका!"