लेकीला दिलेली मुळी

पेडगावात शीलाला कुणी संशोधक वगैरे म्हणत नाही. "धोंडीबाची शीली परभणीला बुरशी पाळती," असं म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. बापानं जन्मभर मेंढ्या पाळल्या, भाऊ मल्हार अजून पाळतो, आणि ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये बुरशी वाढवते, मग ती कशानं मरते ते बघत बसते. तिशी आली तरी लग्नाचा पत्ता नाही. गावाला बोलायला आणखी काय हवं?

हे वेड तिला लागलं ते लहानपणी. सातव्या वर्षी तिच्या डोक्यात चाई पडली होती. मेंढ्यांच्या अंगावरची बुरशी पोरांच्या डोक्याला लागते, रुपयाएवढे चट्टे पडतात आणि तिथले केस झडतात. शाळेत सगळे तिला टकली म्हणायचे. आईनं, कोंडाबाईनं, तिला उगवतीकडं तोंड करून बसवलं, गोणपाटानं चट्टा लाल होईस्तोवर घासला आणि शेळीच्या दुधात उगाळलेली एक मुळी वर लावली. त्या मुळीचा वास असा उग्र की डोळ्यांतून पाणी यावं. पाच रविवार लावली. वर्षभरात शीलाच्या दोन वेण्या झाल्या. कोंडाबाईचं औषध पंचक्रोशीत ठाऊक आहे. रविवारी सेलूहून, पालमहून माणसं येतात. मुळी कोणती, ते मात्र ती कुणाला सांगत नाही.

लेकीला तरी सांगेल, असं शीलाला वाटलं. पीएचडीला नाव घातलं तेव्हा ती म्हणाली, "माय, तुजी मुळी दे. तिच्यात गुण हाय ते मी जगाला दाखवते." कोंडाबाईनं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ओंजळभर मुळ्या दिल्या आणि म्हणाली, "कागदात माजं नाव घालशील न्हवं?"

तीन वर्षं शीलानं त्या मुळ्यांचा पिच्छा पुरवला. पाण्यात अर्क काढला, दुधात काढला, स्पिरिटमध्ये काढला. औषध लागू पडलं की थेंबाभोवती मोकळं गोल रिंगण पडतं, बुरशी तिथं फिरकत नाही. तिला एकदाही रिंगण दिसलं नाही. मुळीला तो वासही नव्हता. वाळल्यावर उडाला असेल, अशी तिनं समजूत घातली. नाक खरं सांगत होतं, पण आईपेक्षा नाकावर विश्वास कोण ठेवतं?

तिचे मार्गदर्शक व्यंकटराव सर भला माणूस. त्यांनीही शेवटी मार्चची मुदत घातली. "शीला, लोकांची श्रद्धा असते. मुळीत गुण आढळला नाही, असं लिही. पदवी तरीही मिळते."

"माझ्या डोक्यावर केस आहेत की, सर," शीला म्हणाली. तिला पदवीपेक्षा आईचं औषध खरं ठरवायचं होतं.

अखेरचा प्रयत्न म्हणून, ताज्या मुळ्या आणायला, फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती न कळवता गावी गेली. गल्लीच्या तोंडाशीच तो वास आला. सातव्या वर्षीचाच. ती अंगणात धावली. मल्हारची बायको शालू सहाणेवर जाड, तांबूस मुळी उगाळत होती. शीलाकडच्या मुळ्या पांढऱ्या आणि बारीक. नणंदेला बघताच शालूनं सहाणेवर पदर टाकला. दोन वर्षांपूर्वी या घरात आलेली पोर या घरच्या लेकीपासून औषध लपवत होती.

"ही कंची मुळी, शालू?"

"आत्याबाईला इचारा, ताई."

कोंडाबाई उंबऱ्यातच होती. ती बिचकलीही नाही. "खरी मुळी हीच हाय."

"मंग मला तीन वर्सांमागं काय दिलं?"

"दिली बांधावरची कोनती तरी. इखारी न्हाई, बघून दिली."

"पन कामून, माय?"

"माज्या सासूनं भंडारा उचलून आन घ्यायला लावली व्हती. इद्या सुनंला द्यायची, लेकीला न्हाई. लेक ती दुसऱ्याच्या घरी नेती."

"कुटलं दुसरं घर? लगीन तरी झालंय का माजं?"

"आज ना उद्या व्हईलच की."

"मंग तवाच न्हाई म्हनायचं! लय रडले असते, पन तीन वर्सं वाचली असती."

"मागायला आलेल्या लेकीला रिकाम्या हातानं धाडू का?" कोंडाबाई म्हणाली, आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळं होतं; आईला काय म्हणायचं? शीलाला रडूही आलं नाही, नुसता संताप आला. खऱ्या मुळीचा एक तुकडा सहाणेपाशी पडला होता. वाकून उचलला असता तर तीन वर्षांचं सार्थक झालं असतं. तिनं तो उचलला नाही. न दिलेलं घ्यायचं नाही, हे याच बाईनं तिला शिकवलं होतं. चहासुद्धा न घेता ती परत फिरली.

मार्चमध्ये प्रबंध लिहून झाला. पेडगावच्या कोंडाबाई यांनी दिलेल्या मुळीत बुरशीनाशक गुण आढळला नाही, असं त्यात लिहिलं होतं. सरांनी विचारलं, "आईचं नाव काढू या का?"

"राहू द्या, सर. मुळी तिनंच दिलीय."

छापून, बांधून आलेली प्रत घेऊन शीला गावी गेली. रविवार होता, अंगणात चार माणसं बसली होती. कोंडाबाईला अक्षरओळख नाही. तिनं पदराला हात पुसले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "माजं नाव कुटं हाय?"

शीलानं आईचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. कोंडाबाईनं नावावरून दोनदा बोट फिरवलं, ऐटीत माणसांकडं बघितलं.

"गुण आला म्हून लिवलंय न्हवं, शिले?"

"तू दिलेल्या मुळीचंच लिवलंय, माय," शीला म्हणाली.