फिल्टर शेवटी

वर्धा जिल्ह्यात पाइपांच्या दुकानात बसून संगीत करणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. हे मी कौतुकानं सांगते आहे असं पहिली काही वर्षं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याचं खंडन करणारं पत्रक काढलं असतं. मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबांच्या पिशवीत भाजी खाली आणि पत्रकं वर असत, आणि आमच्याकडे आलेल्या पाहुण्याच्या हातात पाण्याच्या पेल्याआधी एक पाठपोट कागद पडे. जगात काय बरोबर आणि काय चूक हे अशा एका कागदावर मावतं, ही माझी लहानपणापासूनची श्रद्धा. मावसाजी त्या कागदावर कधीच मावले नाहीत.

त्यांचं दुकान आर्वीला, बस स्थानकापासून चार पावलांवर. बाहेर वीस-वीस फुटांचे पाइप भिंतीला टेकून उभे, आत एल्बो, टी, कपलर, बॉल व्हॉल्व्ह यांची पोती, आणि ठिबकच्या काळ्या नळ्यांच्या वेटोळ्यांमागे एक टेबल. त्या टेबलावर एक म्हातारा लॅपटॉप आणि पंचवीस कळांचा एक कीबोर्ड. गिऱ्हाइकानं दीड इंची एल्बो मागितला तर मावसाजी तो डाव्या हातानं काढून देतात, कारण उजव्या हातानं एक सूर धरून ठेवलेला असतो. सूर सोडायची वेळ झाली नसेल तर गिऱ्हाइकाला थांबावं लागतं. एकदा एका चिडलेल्या शेतकऱ्यानं विचारलं, "काहो, इथं मोटरचे पार्ट भेटते का गाणे?" मावसाजी शांतपणे म्हणाले, "दोन्ही भेटते. गाण्याले जरा टाइम लागते."

ते गोदामात असले की गिऱ्हाइकानं हाक मारू नये अशी त्यांची इच्छा. त्यासाठी काउंटरवर एक मोडका कीबोर्ड ठेवून त्याची एकच कळ शाबूत ठेवली होती. ती दाबली की लॅपटॉपमधून सुरांची एक लड निघे, आणि दर वेळी वेगळी. याचा परिणाम असा झाला की लोक घंटी वाजवायला येऊ लागले. सोयाबीन विकायला बाजारात आलेले एक गृहस्थ आपल्या दोन्ही साडूंना घेऊन आले, तिघांनी आळीपाळीनं कळ दाबली, आणि एक कपलरसुद्धा न घेता निघून गेले. मावसाजी दिवसभर खूश होते. "एकबी लड दुसरीसारखी नोती," एवढंच ते जेवताना म्हणाले.

हे सगळं कसं होतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय की आता मी ते झोपेतही सांगू शकेन. "कळ दाबली त आवाज नाई निंगत, पोरी. चिठ्ठी निंगते. हा सूर, इतक्या जोरानं, इतका वेळ. बस. ते चिठ्ठी पुढं जाते, मंग तिकडं कोणी सतार वाजवते, कोणी बासरी. तिलेच मिडी म्हंतात. आता चिठ्ठी रस्त्यात असतानीच तिच्यात फेरफार करून घ्याचा. त्याले फिटिंग पायजे." लॅपटॉपमधल्या त्या फेरफार करणाऱ्या इफेक्टांना ते शेवटपर्यंत फिटिंगच म्हणत आले. एका सुराचे तीन करणारा कॉर्ड म्हणजे टी. ते तीन सूर एकामागून एक गोल फेकणारा आर्पेजिएटर म्हणजे तुषार सिंचनाचं डोकं. जोर कमी-जास्त करणारा तो व्हॉल्व्ह. मनाला येईल तसे सूर बदलणारा रँडम म्हणजे लिकेज, पण कामाचं लिकेज. आणि भलते सूर अडवून फक्त ठरलेल्या रागातले सूर पुढे जाऊ देणारा स्केल म्हणजे फिल्टर. एकामागे एक जोडत जायचं. त्यांनी एकदा अकरा फिटिंग एका ओळीत लावली होती. एक कळ दाबली की अर्धी मिरवणूक निघायची.

पण पहिलं वर्षभर यातून जे निघायचं ते ऐकून शेजारचा बियाणांचा दुकानदार दुपारचं शटर ओढून घ्यायचा. मावसाजींनी आधी स्पीकर बदलला. मग अर्थिंग नवं करून घेतलं. मग आर्वीच्या व्होल्टेजवर संशय घेतला. दुकानामागेच घर, त्यामुळे स्वयंपाकघरातली मावशी हे सगळं ऐकत असे. मावशी महिला भजन मंडळात पुढे गाणारी, तिचा कान असा की भाकरी थापतानाही तिला चुकलेला सूर टोचायचा. एक दिवस ती पिठाचे हात घेऊनच दुकानात आली.

"तो कोमल गंधार कुठून येऊन राह्यला?"

"मले काय मालूम. फिल्टर त लावला हाय."

"कुठं लावला?"

"कुठं म्हंजे? पंपापाशी. सगळ्याच्या आधी."

मावशीनं स्क्रीनकडे नुसतं पाहिलं. "अवो, पाणी गाळून घेता, अन् मंग पुढं लिकेज लावून त्यात घाण टाकता. मंग फिल्टरले काऊन बोल लावता?"

तीस वर्षं शेतोशेत ठिबक जोडत हिंडलेला माणूस. ठिबकमध्ये फिल्टर पंपापाशीच लागतो, नाहीतर कचऱ्यानं नळ्या बुजतात. त्यांच्या हातालाच ते ठाऊक होतं, डोक्याला विचारायची गरज पडली नव्हती. त्यांनी फिल्टर उचलून शेवटी लावला, कळ दाबली, आणि रँडमनं सुचवलेला प्रत्येक वेडावाकडा सूर शेवटच्या दारात कपडे नीट करून बाहेर पडला. मावशी म्हणाली, "आता झालं," आणि परत भाकरीकडे गेली.

त्या दिवसापासून "फिल्टर शेवटी" हे मावसाजींचं जगाकडे पाहण्याचं सूत्र झालं. त्यांच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत सगळे एकदम भांडू लागले तेव्हा त्यांनी हात वर करून सांगितलं, "सगळ्यांले बोलू द्या, गाळून मंग घेऊ." आणि त्याच दमात मला म्हणाले, "तू लिहाच्या पयलेच फिल्टर लावतं. म्हनून तुह्या पत्रकात पाणीच येत नाई."

मला हे झोंबलं, कारण त्याच महिन्यात मी "यंत्राची साथ नको" हे पत्रक काढलं होतं. लग्नातली बँडपथकं, पेटीवाले, खंजिरीवाले यांच्या हातचं काम लॅपटॉप कसं काढून घेतो आहे, हे त्यात होतं. ते खरं होतं, आजही खरं आहे. एक प्रत मी मुद्दाम मावसाजींच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि पुढच्या खेपेला गेले तर ती लॅमिनेट करून लॅपटॉपच्या बरोबर वर टांगलेली. मला वाटलं हा टोमणा आहे. विचारलं तर म्हणाले, "चांगलं लिवलं हाय. चांगली वस्तू पाण्यानं वल्ली होऊ नये."

मग मावशीच्या गळ्यात गाठ निघाली. वर्ध्याला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळे हुश्श झाले. पण आवाज खाली बसला आणि श्वास आखूड झाला. मंडळाचं भजन पेटीच्या काळी चारच्या सुरात चाले, वर्षानुवर्षं. मावशीचा सा आता त्याच्या पुष्कळ खाली, आणि रोज वेगळ्या ठिकाणी. एका गुरुवारी ती गेली, ओठ हलवून आली. पुढच्या गुरुवारी टाळ धरून बसली. तिसऱ्या गुरुवारी तिनं लुगड्याची घडी काढली, पुन्हा कपाटात ठेवली, आणि "आज कंटाळा आला" म्हणाली. मंडळातली पेटी वाजवणारे गृहस्थ भले होते, पण त्यांचा हात एका सुरात बसलेला, आणि एकीसाठी वीस जणींना खाली आणायचं कसं? मावशीनं कुणाला दोष दिला नाही. तिनं फक्त गाणं बंद केलं, भाकरी थापतानाचंही. मावसाजींनी काउंटरवरची घंटी काढून ठेवली.

त्यानंतर मी गेले तेव्हा ते टेबलाशी वाकून काहीतरी जोडत होते. मी ओळखलं, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "मावसाजी, आता मावशीलाही यंत्राबरोबर गायला लावणार? मंडळाशी बोला. बायकांना सांगा सूर खाली घ्यायला. हे म्हणजे माणसाचा प्रश्न मशीनवर ढकलणं झालं."

त्यांनी मान वर केली नाही. "उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जाते. विहिरीले शिव्या देते का कोणी? मोटर खाली सोडते." मग म्हणाले, "मंडळाशी बोललो मी. बायकाईनं एका गुरुवारी सूर खाली घेतला. दुसऱ्या दिवशी तुही मावशी म्हने, माह्यासाठी वीस जणी कण्हून राह्यल्या होत्या, मी नाई जात."



पहिली जुळणी झाली तेव्हा त्यांनी मावशीला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. सूर वर-खाली करणारं बटण होतं, म्हणजे मोटर पाहिजे तेवढी खाली सोडता येत होती. मागे तंबोऱ्यासारखी एक सुंदर लड गोल फिरत होती. मावशीनं तोंड उघडलं, अर्धी ओळ म्हटली आणि थांबली.

"हे थांबत नाई."

"कसं थांबन? ते त चालूच राह्यते."

"मी श्वास घेऊन राह्यली त हे पुढं निंगून जाते. पेटीवाले निदान माह्या तोंडाकडे त पायते."

त्यानंतरचे पंधरा दिवस मावसाजींनी जे केलं ते फिटिंगवर जगलेल्या माणसाला सोपं नव्हतं. ते एकेक फिटिंग काढत गेले. आधी टी काढला, मग लिकेज, मग तो गोल फेकणारा तुषार इतका हळू केला की त्याचे थेंब मोजता यावेत. अकरांपैकी तीन उरली. आणि शेवटी त्यांनी स्वतःचा हातही काढला. कीबोर्ड उचलून मावशीच्या मांडीवर ठेवला.

त्या दुपारी मी तिथेच होते. ते म्हणाले, "हे एक कळ तू दाब. धरून ठेवशील तवरच वाजन. सोडली का थांबन. तुले श्वास पायजे त बोट उचल."

"मले पेटी येते कुठं?"

"एक बोट येते ना."

मग त्यांनी विचारलं, "आज कुठं हाय तुहा सा?" मावशीनं घशातल्या घशात गुणगुणून पाहिलं. त्यांनी बटण फिरवलं. "खाली," ती म्हणाली. त्यांनी अजून फिरवलं. "अजून." त्यांनी माझ्याकडे न बघता अजून फिरवलं. "इथं," मावशी म्हणाली, आणि कळ दाबली.

ती गायली. जुना आवाज नव्हता. खरखरीत, जाड, दर चार शब्दांनी तुटणारा. तुटला की तिचं बोट उठे आणि यंत्र गप्प होई, आणि गप्पच राही, तिचा श्वास भरेपर्यंत. तिला घाई नाही हे तिच्या लक्षात यायला तीन ओळी लागल्या. मध्येच तिला हसू आलं, बोट उचलूनच ती हसली, आणि तेवढा वेळ ते मशीन एखाद्या समजूतदार सुनेसारखं थांबून राहिलं. दारात एकजण फुटका बॉल व्हॉल्व्ह हातात घेऊन उभा होता. त्यानं हाक मारली नाही. भजन संपल्यावर हलकेच म्हणाला, "एक इंची देजा," आणि व्हॉल्व्ह घेऊन गेला.

ते लॅमिनेट केलेलं पत्रक मी खिळ्यावरून काढायला लागले. मावसाजींनी माझा हात धरला. "राहू दे. खरं लिवलं हाय. पेटीवाल्यायचं पोट हाय त्यात. फक्त शेवटी अजून एक ओळ पायजे होती." ती ओळ कोणती, हे मी विचारलं नाही. मी अजून ती लिहिते आहे.

मावशी मंडळात परत गेली नाही. गुरुवारी चार वाजता दुकानाचं एक शटर खाली येतं, आणि ती त्या स्टुलावर बसते. आवाज मात्र ती कुणाला टिपू देत नाही. "लोकांच्या कानात माहा जुना आवाज हाय, तोच राहू दे," म्हणते. मावसाजींनी हे ऐकलं. त्यामुळे लॅपटॉपमध्ये फक्त चिठ्ठी राहते: कळ केव्हा दाबली, किती वेळ धरली, केव्हा सोडली. दर गुरुवारी ते मला ती पाठवतात, सोबत स्क्रीनचा एक फोटो. फोटोत नुसत्या आडव्या रेघा दिसतात, काही आखूड, काही लांब, मध्ये मोकळी जागा. पहिल्या चिठ्ठीत एक मोठी मोकळी जागा आहे. तिथे ती हसली होती.

मी एकदा फोनवर विचारलं, "या रेघा एका मापाच्या करून घेता येतात ना? सरळ, नेमक्या?"

"येते. एका बटनात."

"मग?"

पलीकडे कुणीतरी पाइप खाली ठेवल्याचा आवाज आला. "याले फिल्टर नाई लावत, पोरी. पयले बी नाई अन् शेवटी बी नाई."

मागच्या गुरुवारची चिठ्ठी आली तेव्हा थंडी सुरू झाली होती. तिला खोकला असावा, कारण सुरुवातीच्या रेघा आखूड आहेत. पुढे त्या हळूहळू लांबतात. माझ्याकडे ही चिठ्ठी वाजवणारं काही नाही, आणि मी ते घेतलंही नाही. मी ती वाचते, लहानपणापासून सगळे कागद वाचत आले तशीच, डावीकडून उजवीकडे. मोकळी जागा आली की मीही थांबते, मावशीचा श्वास भरेपर्यंत.