वडिवळ्याला, साक्षीदार आणायला

लोणावळा ते कामशेत, लोकलने मधे फक्त मळवली स्टेशन. एवढ्या प्रवासासाठी मी आदल्या दिवसापासून तयारीत होते. तिकीट खिडकीवर काय म्हणायचं, टमटमवाल्याला काय विचारायचं, सगळं पाठ. माझी मुलगी म्हणते, आई कोथिंबीर आणायलाही तालीम करून जाते.

या वेळी तालीम कमी पडणार होती. पन्नाशीला आल्यावर मी ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, तपासणी करून घेणार होते. गुरुवारी पुण्यात मानसतज्ज्ञ बाईंची वेळ मिळाली होती. लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कुणी असेल तर सोबत आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. आईवडील गेले. उरली वडिवळ्याची आत्या, जिच्या घरी माझं निम्मं बालपण गेलं. तिने खरं सांगितलं नाही, तर मी नुसतीच शिष्ट आहे की आणखी काही, हे कोडं अर्धवटच राहणार होतं.

कामशेतला टमटम भरल्याशिवाय निघेना. चालकाने विचारलं, "कुणाकडं जायचं, ताई?" हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. मी म्हणाले, "वडिवळ्याला किती वेळ लागेल?" तो शेजारणीला म्हणाला, "ताईंना कमी ऐकू येतंय वाटतं." मग वडिवळ्यापर्यंत मी बहिरीच राहिले. सोयीचं पडलं.

दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं. कुठेकुठे भाताची झोडणी चाललेली, आणि तिच्या प्रत्येक धपक्याला माझे खांदे वर जात होते. धरणाचं पाणी दिसलं तेव्हा कुठे ते खाली आले.

आत्या पडवीत (घरापुढच्या ओसरीत) तांदूळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिने सूप थांबवलं.

"म्हंजी ती डाक्टरीण तुझी चौकशी करणार. व्हय ना?"

"हो."

"मग घोर नको करू. तुझ्या सोयरिकीला पाव्हणे आलते, तवा कोण बोललं? मीच. म्हनलं, पोर लय मनमिळाऊ, चार माणसांत रमणारी. झालं का न्हाई लगीन?"

"आत्या, मी मनमिळाऊ होते?"

"न्हाई. पण तसं कुणी सांगतं व्हय?"

"या वेळी खरंच सांगायचंय."

"भावाच्या लेकीची खोड परक्याच्या दारात सांगू? ते न्हाई जमायचं." सूप पुन्हा हलू लागलं. विषय संपला.

पुढचं वाक्य मी आणलंच नव्हतं.

मग आत्याने जेवायला वाढलं. इंद्रायणीचा भात एका ताटलीत, भाजी दुसरीत, आमटी वाटीत. कशाला कशाचा स्पर्श नाही. स्वतःच्या ताटात मात्र तिने सगळं कालवून घेतलं. सासरी पहिल्याच पंगतीत असं वेगवेगळं वाढून मागितलं, त्यावरूनच मी शिष्ट ठरले होते.

"माझं वेगवेगळं का वाढलंस?"

"मग? एकाला दुसरं लागलं की उपाशी उठायचीस. अन् लग्नाची वाजंत्री आली की इरल्यात (शेतात पावसापासून डोकं-पाठ झाकणारं बांबू-पानांचं आवरण) शिरायचीस. भर उन्हाळ्यात. वरात गेली तरी भायेर न्हाई. शेवटी तुझ्यापुरतं बारकं इरलं मी बारा महिने खुंटीला ठेवलं हुतं."

"हेच सांग ना त्यांना."

तिने हातातला घास परत ताटात ठेवला. "ह्ये? ह्यात खोड कुटं हाये? ही तर तू हायेस."

मी मान खाली घालून भात संपवला.

निघताना तिने माळ्यावरून ते इरलं काढून दिलं. पानं झडलेली, बांबूची वीण शाबूत. "येते गुरुवारी," म्हणाली. "पण आदी गुण सांगणार, मग बाकीचं."

परतीला टमटमवाला तोच. माझ्या कानाशी येऊन ओरडला, "ताई, पाऊस गेला की. इरलं कशाला?"

"माझं आहे," मी म्हणाले. तो दचकून गाडी चालवू लागला.

गुरुवारी काय निघेल ते निघो. मला वाटायचं, लहानपणी माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. लक्ष होतं, त्याला नाव तेवढं नव्हतं. परतीच्या लोकलमध्ये मळवलीला सहलीची मंडळी चढली आणि त्यांनी स्पीकर लावला. माझे खांदे वर गेले. मी इरल्यात शिरले नाही. मांडीवर आहे ना, एवढं हाताने चाचपून पाहिलं.